वस्तादांची जीभ

"साबण," वस्ताद म्हणाले आणि तोंडातलं सगळं त्यांनी मांडीवरच्या भांड्यात थुंकून टाकलं.

बेबी चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. कामावर जायचे कपडे अंगावर, खांद्याला पर्स, आणि पहाटेपासून तीनदा काट्यानं खरवडून भुसभुशीत केलेलं लिंबाचं सॉर्बे काचेच्या वाटीत वितळायला लागलेलं.

"बाबा, कालच्यासारखंच केलंय."

"कालही साबणच होता. काल मी गप्प बसलो."

"काय चुकलं ते तरी सांगा."

"सालीचा पांढरा भाग उतरलाय त्यात. किसताना हात दाबतेस तू. नुसता पिवळा रंग यायला पाहिजे किसणीवर, धूळ बसावी तसा. तुझ्या आईचाही हात असाच होता. भांडी घासायला उत्तम."

दिवसभर वस्तादांजवळ बसायला येणाऱ्या शेजारच्या काकू दारातच थबकल्या होत्या. हसावं की नाही ते न कळून त्या थोडंसं हसल्या. बेबीनं भांडं उचललं, धुतलं, वाटी फ्रीजमध्ये ठेवली आणि "काकू, अकराचं औषध टेबलावर काढून ठेवलंय" एवढं सांगून जिना उतरली. बस चुकलीच.

वस्तादांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती. तिथली पोरं त्यांना वस्ताद म्हणायची, मालक वस्ताद म्हणायचे, बायकोही चारचौघांत वस्तादच म्हणायची. मोठ्या मेजवान्यांत दोन पदार्थांच्या मध्ये, आधीची चव पुसायला, ते लिंबाचं सॉर्बे, म्हणजे दुधाशिवायचं, नुसत्या पाक-रसाचं आईस्क्रीम, पाठवायचे. लहानशा पेल्यात जेमतेम दोन चमचे. माणसं बाकीचं जेवण विसरायची आणि ते दोन चमचे लक्षात ठेवायची. घरी मात्र त्यांनी कधी चुलीला हात लावला नाही. बायकोनं रांधलेलं निमूटपणे जेवायचे आणि उठताना म्हणायचे, "पोट भरलं." यापलीकडे त्या बाईला काही ऐकायला मिळालं नाही. एकदा लहानपणी बेबी हट्टानं हॉटेलात गेली, तर त्यांनी तिला मागच्या दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणाले होते, "इथे जीभ असलेल्यांचं काम आहे."

बेबीची पंचेचाळिशी उलटली तरी ती बेबीच राहिली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं, नाकावरची पकड सैल-घट्ट करायचं, गिऱ्हाइकांकडून अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायचं काम ती करायची. हात स्थिर, बोलणं कमी. लग्न व्हायचं राहून गेलं. आधी आईच्या आजारपणात, मग आपोआप.

वर्षापूर्वी वस्तादांच्या जिभेच्या कडेला गाठ आली. ऑपरेशन झालं, जिभेचा तुकडा काढला, मग आठवडेच्या आठवडे रेडिएशन. तोंड सोलून निघालं, लाळ आटली. हळूहळू जखमा भरल्या, पण घास काही उतरेना. गार आणि मऊ तेवढंच जायचं. डॉक्टरांनी आईस्क्रीम चालेल असं सांगितलं तेव्हा वस्तादांनी तोंड वाकडं केलं.

"ते लहान मुलांना द्या. बेबी, सॉर्बे कर."

जन्मात पहिल्यांदा बाबा आपल्याला काहीतरी शिकवणार, या विचारानं त्या दिवशी बेबीला, खोटं कशाला सांगा, आनंद झाला होता. बाप आजारी आणि आपल्याला आनंद कसला होतोय, म्हणून तिनं स्वतःला दटावलंही होतं.

शिकवणं म्हणजे काय ते पुढे कळलं. वस्ताद खाटेवरून बोलायचे आणि ती स्वयंपाकघरातून ऐकायची. लिंबं आधी ओट्यावर तळव्याखाली फिरवून घे. किसलेली साल साखरेत चोळ, साखर ओली होऊन पिवळी दिसली पाहिजे. पाक उकळू नकोस, साखर विरघळली की उतरव. रस पाक पूर्ण गार झाल्यावरच घाल. पसरट ताटात ओतून बर्फात ठेव, कडा धरल्या की काट्यानं ओढत मध्ये आण. पुन्हा ठेव, पुन्हा ओढ. हे सगळं ती करायची, आणि वाटी घेऊन पुढ्यात उभी राहिली की निकाल लागायचा.

"गोड. मुंग्यांना बोलाव."

"आंबट. कुणाचा सूड घेतेस?"

"कडू."

"याला काही चवच नाही. तुझ्यासारखं झालंय."

तिनं साखर कमी केली, वाढवली. लिंबात संत्र्याचा रस मिसळून पाहिला. न राहवून तिनं एकदा जाड्याला फोन केला. जाड्या म्हणजे वस्तादांच्या हाताखाली वाढलेला, आता त्यांच्याच जागी बसलेला मुख्य आचारी. तो म्हणाला, "ताई, वस्तादांना सांगू नकोस मी सांगितलं म्हणून. मिश्रणात धुतलेलं अंडं सोडून बघ. बुडालं तर साखर कमी. नखाएवढं टक्कल वर दिसलं की बरोबर."

तिनं अंडं सोडलं. बरोबर नखाएवढं टक्कल वर आलं. त्या दिवशी वाटी पुढे करताना तिचा हात जरा ऐटीतच होता.

"गोड," वस्ताद म्हणाले आणि वाटी परत केली.

मग तिनं अंड्याचा नाद सोडला. अंड्यापेक्षा बापाची जीभ मोठी.

एकदाच वेगळं घडलं. दुकानात वर्षअखेरची मोजदाद होती, घरी यायला उशीर झालेला, पाय सुजलेले. कसंबसं ताट खरवडून तिनं वाटी दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. वस्तादांनी एक चमचा घेतला, दुसरा घेतला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज बरं झालंय."

त्या एका 'बरं'वर तिनं पुढचे कितीतरी दिवस काढले. बसमध्ये उभ्याउभ्या ती मनात उजळणी करायची. त्या दिवशी लिंबं कुठून आणली होती, साल किती चोळली होती, पाक किती गार होता. पुन्हा तसं काही जमेना. "त्या दिवशीसारखं नाही" असं वस्तादही म्हणायचे, आणि ते तिला पटायचं.

एका दुपारी ती दुकानातून परस्पर हॉस्पिटलात औषधं आणायला गेली. खिडकीशी रेडिएशन विभागातली जुनी सिस्टर भेटली. मायाळू बाई, जरा बोलकी.

"वस्ताद कसे आहेत? खातात का?"

"सॉर्बेच खातात. तेही नावं ठेवत ठेवत. आज गोड, उद्या आंबट."

"म्हणजे चव परत आली?" सिस्टरचा चेहरा खुलला. "अगं, छान झालं की. आम्ही तर आशा सोडली होती."

बेबीला काही समजलं नाही. "चव कधी गेली होती?"

सिस्टर जरा अडखळली. "तुला माहीत असेल असं मला वाटलं. रेडिएशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गेली होती. वासही गेला होता. मागच्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा मीच त्यांच्या जिभेवर मीठ ठेवलं, मग साखर ठेवली, मग लिंबू पिळलं. काही म्हणता काही ओळखता आलं नाही. रडले गं. घरी बोलू नका म्हणाले. मला वाटलं, तुला वाईट वाटेल म्हणून म्हणत असतील."

"मागच्या महिन्यात," बेबी म्हणाली.

"हो. पण आता आली असेल. कधी कधी येते."

बेबीनं औषधं घेतली आणि दुकानात परत गेली. संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ डोळे तपासायला बसले होते. तिनं एक डोळा झाकायला सांगितला, तर त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं धडाधड म्हणून दाखवली. अशी माणसं तिला नवीन नव्हती. बाहेर थांबल्याथांबल्या तक्ता पाठ करून येतात आणि दिसत नसताना दिसतंय म्हणतात. ती एरवी हसून तक्ता बदलायची. आज ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी तेच ओशाळून म्हणाले, "बाई, गाडी चालवायचं बंद करतील हो घरचे."

घरी जाताना तिचा संताप हळूहळू वर आला. साबण म्हणाले, मुंग्या म्हणाले, आईच्या हातापर्यंत गेले, ते सगळं एक वेळ तिनं गिळलं असतं. तिला सलत होतं ते निराळंच. 'आज बरं झालंय.' म्हणजे तेही पाठ केलेलं. आयुष्यात एकदा बापाकडून मिळालेली ती एवढीशी गोष्ट, तीही हवेतली.

त्या रात्री ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नेहमीप्रमाणे सॉर्बे केलं, नेहमीप्रमाणे "आंबट" ऐकलं. मात्र आता वाटी देताना ती त्यांच्या तोंडाकडे बघायची. चमचा आत गेला की भुवई उचलायची, गाल हलवायचे, डोळे किंचित मिटायचे. सगळं कसं बिनचूक. इतके दिवस आपल्याला कळलं कसं नाही, याचं तिला नवल वाटत राहिलं.

आणि मग वस्तादच म्हणाले, "रविवारी जाड्या आणि कॅप्टन येतायत. सॉर्बे कर. माझी लाज राख म्हणजे झालं."

कॅप्टन म्हणजे हॉटेलातले जुने मुख्य वेटर, आता निवृत्त. सरळ पाठ, इस्त्रीचा शर्ट.

"करते," बेबी म्हणाली.

शनिवारी तिनं लिंबं आणली, धुतली आणि टोपलीत तशीच ठेवली. नुसत्या पाण्याचा बर्फ दगडासारखा होतो, ते वस्तादांच्या टाळूला कळलं असतं. टाळू शाबूत होती. म्हणून साखर घेतली. पाक केला, गार केला, अंडं सोडून नखाएवढं टक्कल येईपर्यंत पाणी घातलं आणि ताटात ओतलं. लिंबाचा एक थेंब नाही, सालीचा कण नाही. तीनतीनदा खरवडून ते इतकं हलकं केलं की आजवर कधी झालं नव्हतं. वाट्या भरताना तिनं प्रत्येकीवर सालीची एक पातळ वळी ठेवली, दिसायला.

ठेवताना तिला वाटलं, अजून वेळ आहे. टोपलीत लिंबं आहेत.

बाहेरून वस्तादांचा आवाज आला, "झालं का? का पाहुण्यांनी मुक्काम करायचा?"

तिनं वाट्या ट्रेमध्ये लावल्या.

वस्ताद उशांना टेकून बसले होते. काकूंकडून दाढी करून घेतली होती, अंगात स्वच्छ सदरा. जाड्या खुर्चीत मावत नव्हता, म्हणून पुढे सरकून बसलेला. कुणीच वाटीला हात लावला नाही. वस्तादांनी आधी चाखायचं आणि मग बाकीच्यांनी, ही मुदपाकखान्यातली जुनी शिस्त.

वस्तादांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. बेबी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. काय म्हणणार? आंबट? साबण? ती वाट बघत होती. एक शब्द येऊ दे, मग दाखवते.

वस्तादांनी डोळे उघडले. "बसला," ते हळूच म्हणाले. "पोरीचा हात बसला."

बेबीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"घे रे जाड्या. बघ, आधी गोडवा, मग आंबट कसं हळूच वर येतं, आणि शेवटी सालीचा वास राहतो. हे तुला कधी जमलं नाही. हिला मी किती बोललो असेन, पण एक दिवस तोंड वर करून उत्तर दिलं नाही पोरीनं. रोज पहाटे उठून केलं. कॅप्टन, माझ्या मागे कुणी विचारलं ना, वस्तादांचं सॉर्बे कुठे मिळेल, तर या घराचा पत्ता द्या."

बेबी पुढे झाली. "दादा, थांबा. ते जरा..." पण जाड्यानं तोवर चमचा तोंडात घातला होता. कॅप्टननीही.

जाड्याचं तोंड थांबलं. त्यानं वाटीत बघितलं, मग बेबीकडे. कॅप्टननी मात्र घास गिळला, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाले, "वा. अगदी तुमच्या हातचं, वस्ताद." मेजवान्यांत वाढण्यात जन्म गेलेला माणूस, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

पण वस्तादांचाही जन्म मुदपाकखान्याच्या दारातल्या गोल काचेतून खाणाऱ्यांचे चेहरे बघण्यात गेला होता. त्यांनी जाड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"जाड्या, काही कमी आहे?"

"नाही, वस्ताद. फर्स्ट क्लास."

"आलं जरा पुढे गेलंय, नाही?"

जाड्यानं कॅप्टनकडे बघितलं, मग मान हलवली. "जरासं. पण चालतंय."

"हं." वस्तादांनी मान वळवली. "बेबी, आलं घातलंस?"

"नाही."

"मग काय घातलंस?"

कॅप्टननी बेबीकडे बघून अगदी थोडी, कुणाला दिसू नये इतकी मान हलवली. नको. बेबीला ते दिसलं. एक शब्द पुरला असता. लिंबू, एवढंच म्हटलं असतं तरी पाहुणे उठून गेले असते आणि घरातलं घरात राहिलं असतं. पण इतके महिने या दारात उभं राहून ऐकलेलं सगळं तिच्या घशाशी आलं होतं, आणि ते आता मागे जाईना.

"साखर आणि पाणी," ती म्हणाली. "लिंबू घातलेलंच नाही. तुम्हाला कळत नाही ना, बाबा. मीठही कळत नाही. सिस्टरनी सांगितलं मला."

जाड्यानं वाटी खाली ठेवली. काकू आतल्या आत काहीतरी पुटपुटल्या.

वस्तादांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तो आला असता तर बेबीला बरं वाटलं असतं. त्यांनी पुन्हा चमचा उचलला, वाटीत घातला आणि खायला लागले. सगळ्यांच्या समोर, घाई न करता, एकेक चमचा. सालीची वळी बाजूला काढून ठेवली. वाटी रिकामी झाल्यावर त्यांनी ती उशाशी ठेवली आणि म्हणाले, "जाड्या, हॉटेलात बोलू नकोस."

"नाही, वस्ताद," जाड्या म्हणाला. तो रडत होता.

पाहुणे गेल्यावर, काकूही गेल्यावर, खोलीत दोघंच राहिली. बेबी वाट्या गोळा करत होती.

"मला एकटं असताना सांगायचंस," वस्ताद म्हणाले.

"तुम्ही मला काकूंसमोरच बोलायचात."

"हो."

तिला विचारायचं नव्हतं, पण तोंडून गेलंच.

"त्या दिवशी बरं झालंय म्हणालात. मी उशिरा आले होते त्या दिवशी. तेही उगाचच?"

वस्ताद आठवत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी तू फार दमलेली दिसत होतीस."

वाट्या हातात घेऊन बेबी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं टोपलीतली सगळी लिंबं काढली. साल धुळीसारखी किसली, साखरेत चोळली, पाक पूर्ण गार होऊ दिला. अंड्याचं टक्कल नखाएवढं वर आलं. चाखून बघितलं, तर तिलाच कळलं की हे बिनतोड जमलंय. वाटी घेऊन ती वस्तादांपुढे उभी राहिली. त्यांनी वाटी संपवली.

"कसं झालंय?"

"छान," वस्ताद म्हणाले. वर जरा मान तुकवली, पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानांसमोर तुकवतात तशी.

त्यानंतर ते सगळ्यालाच छान म्हणायला लागले. सॉर्बेला छान, औषधाला छान, काकूंनी पिळून दिलेल्या कपड्यानं अंग पुसलं की छान. आवाज चढवला नाही, नावं ठेवली नाहीत, आईचा विषय काढला नाही. काकू म्हणायच्या, "किती शांत झालेत गं." बेबी मुद्दाम एकदा पाक करपवून घेऊन गेली. काळपट, कडवट. रंग तर दिसत होता. वस्तादांनी वाटीत बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि सगळं संपवलं.

"बाबा, बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "करपलंय ते."

"छान आहे," ते म्हणाले. "जा तू, बस चुकेल."

पुढे गाठ मानेत उतरली. शेवटचे दिवस हॉस्पिटलात नेलं नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. एका सकाळी बेबीनं दोन चमचे भरवले, ते त्यांनी गिळले, आणि दुपारी ती दुकानात एका बाईच्या कानामागची चष्म्याची काडी वाकवून देत असताना काकूंचा फोन आला.

भेटायला माणसं आली. हॉटेलातले सगळे आले. जाड्या बाहेर जिन्यातच उभा राहिला. आत येऊन बेबीशी बोलला नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. कॅप्टन आत आले. शर्टाला तशीच कडक इस्त्री. ते तिच्याजवळ बसले आणि काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "शेवटचं काय खाल्लं त्यांनी?"

"सॉर्बे. लिंबाचं."

"आवडलं?"

"छान म्हणाले," बेबी म्हणाली.

कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. टेबलाटेबलावरून हा शब्द त्यांनी उभा जन्म ऐकला होता. दारात आणखी माणसं येऊन थांबली होती. कॅप्टन उठले, आपली खुर्ची त्यांनी भिंतीला लावून वाट मोकळी केली, आणि जाता जाता औषधांच्या टेबलावरचं कापड एका बाजूला ओघळलं होतं, ते चारी कोपरे सारखे येतील असं तळव्यानं सरळ केलं.